पहिला पाव सेकंद

[पडद्यावर: लॅपटॉपवर रॉकेटचा आराखडा. खिडकीबाहेर इमारती, त्यांच्या वरून उतरणारं विमान.]

मुंबईत मॉडेल रॉकेट उडवायला आकाश मिळत नाही. विमानतळ भर वस्तीत आहे, मोकळी मैदानं मोजकी आणि ती क्रिकेटलाही पुरत नाहीत. त्यामुळे इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींची बरीचशी उड्डाणं पडद्यावरच होतात. खरं रॉकेट सुटतं ते शहराबाहेर, परवानगी मिळालेल्या जागेत, तेही क्वचित. मधल्या महिन्यांत रॉकेट किती उंच जाईल, सरळ जाईल का, पॅराशूट कधी उघडेल, हे सगळं सिम्युलेशनला विचारायचं.

सॉफ्टवेअरची अडचण नाही. ओपनरॉकेट कोणालाही फुकट घेता येतं. सांपो निस्कानेन या फिनलंडच्या विद्यार्थ्याने २००९ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी ते लिहिलं, आणि पुढे अनेकांनी ते वाढवलं. उड्डाणाचे बारीक बारीक तुकडे करून ते प्रत्येक तुकड्यात थ्रस्ट (मोटरचा जोर), वजन आणि हवेचा विरोध यांचा हिशेब करतं. शेपटीचे पंख रॉकेटला सरळ ठेवतील का, हे ते जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या समीकरणांच्या आधारे सांगतं. ही समीकरणं पवईत आणि हेलसिंकीत सारखीच चालतात.

मोटरचं मात्र तसं नाही. मोटर किती जोर लावेल, हे सॉफ्टवेअर आपल्या समीकरणांतून काढत नाही. ते एका फाइलमधून वाचतं, आणि फाइलमध्ये जे लिहिलं असेल ते खरं मानतं.

[पडद्यावर: कागदी केसिंगची छोटी मोटर. वरची अक्षरं: सी६-५.]

मॉडेल रॉकेटची ही सर्वांत परिचित मोटर. अठरा मिलिमीटर जाड, सत्तर मिलिमीटर लांब, आत दाबून भरलेली काळी बारूद. सी म्हणजे एकूण इंपल्स (जोर गुणिले वेळ) पाच ते दहा न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. सहा म्हणजे सरासरी थ्रस्ट, न्यूटनमध्ये. आणि पाच म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकण्याआधीचे सेकंद.

आता या सहाकडे नीट पाहू. एस्टेस कंपनीच्या सी६ मोटरची प्रमाणित चाचणी सांगते की एकूण इंपल्स सुमारे ८.८ न्यूटन-सेकंद आहे आणि जळण १.८६ सेकंद चालतं. भागाकार केला की सरासरी येते ४.७ न्यूटन. म्हणजे नावातला सहा हा आकडा हिशेबात घालण्यासाठी नाहीच, तो ओळखीपुरता आहे.

बरं, ४.७ घेतले तर? तरीही काम भागत नाही.

[पडद्यावर: थ्रस्टचा आलेख. सुरुवातीला उंच टोक, मग सपाट रेषा.]

पेटल्यानंतर ०.१९ सेकंदाला थ्रस्ट १४ न्यूटनवर पोहोचतो. लगेच खाली येतो आणि पुढचा सगळा वेळ साडेचार न्यूटनच्या आसपास राहतो. कारण मोटरच्या घडणीत आहे. नोझलजवळ, म्हणजे वायू बाहेर पडतो त्या छिद्राजवळ, बारुदीत एक छोटा खळगा ठेवलेला असतो. सुरुवातीला त्या खळग्याच्या भिंतीही जळतात, जळणारा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून जोर जास्त. खळगा जळून गेला की उरतो फक्त सपाट तोंडाचा गोल, आणि तो सिगारेटच्या टोकासारखा सावकाश मागे सरकत जातो.

हे टोक कशासाठी? रॉकेट लाँच रॉडवरून, म्हणजे सुरुवातीला त्याला सरळ धरणाऱ्या दांड्यावरून, सुटतं, तेव्हा त्याच्या पंखांना काम करायला वेग लागतो. हिशेब करून पाहू. रॉकेट मोटरसह नव्वद ग्रॅमचं, रॉड नव्वद सेंटिमीटरचा, आणि एवढ्या छोट्या अंतरात हवेचा विरोध सोडून देऊ. थ्रस्ट सतत ४.७ न्यूटन धरला, तर रॉड सोडताना वेग येतो सेकंदाला सुमारे नऊ मीटर. खरा आलेख वापरला, तर येतो सुमारे चौदा मीटर. इंपल्स तोच, मोटर तीच, रॉकेट तेच.

त्यात आडवा वारा धरा, सेकंदाला चार मीटर. हा काही मोठा वारा नव्हे, दुपारी वरळीच्या समुद्रकाठावर सहज असतो. नऊ मीटर वेगाच्या रॉकेटवर हवा चोवीस अंशांच्या कोनातून येते, चौदावाल्यावर सोळा अंशांच्या. सतत ४.७ न्यूटन दाखवणाऱ्या फाइलवर विश्वास ठेवणारी टीम घाबरून पंख मोठे करेल, रॉड लांब करेल, नाकात वजन घालेल. म्हणजे निरोगी रॉकेटवर उपचार सुरू. उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. मोटरचं खरं टोक बुटकं, पण फाइलमध्ये उंच. पडद्यावर रॉकेट देखणं चढतं, मैदानावर ते रॉड सोडताच वाऱ्याकडे तोंड वळवतं. समोर माणसं उभी असतात.

म्हणून मला वाटतं, शिखराची उंची अचूक आली का, हा प्रश्न नंतरचा. मोटरची फाइल आधी पहिल्या पाव सेकंदात खरी असली पाहिजे.

[पडद्यावर: साध्या मजकुराची फाइल उघडते.]

फाइल दिसायला अगदी साधी असते. बहुतेक ठिकाणी आजही चालते ती रास्प या जुन्या प्रोग्रॅमची मांडणी. अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळी टिपणांच्या. मग एक ओळ ओळखीची: नाव, व्यास, लांबी, मिळणारे डिले (पॅराशूट फेकण्याआधीचे सेकंद), प्रोपेलंटचं (जळणाऱ्या इंधनाचं) वजन, मोटरचं एकूण वजन, बनवणारा. त्याखाली वेळ आणि थ्रस्टच्या जोड्या. शेवटच्या जोडीत थ्रस्ट शून्य हवा.

टीममधली मुलं आलेख पाहतात, वजनांकडे कमी पाहतात. पण प्रोपेलंट जळतं तसं रॉकेट हलकं होतं आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. दोन्ही हिशेब या आकड्यांवर उभे आहेत. ते तपासायची एक सोपी रीत आहे. एकूण इंपल्सला प्रोपेलंटच्या वजनाने, न्यूटनमधल्या, भागायचं. सी६मध्ये १०.८ ग्रॅम बारूद असते, उत्तर येतं सुमारे ८३ सेकंद. काळ्या बारुदीसाठी हे जागेवर आहे. कंपोझिट प्रोपेलंटला दोनशेच्या आसपास येतं. बारुदीच्या मोटरला कोणी दीडशे दाखवत असेल, तर एक तरी आकडा चुकला आहे. दोन मिनिटांचं काम आहे, प्रत्येक फाइलवर करावं.

[पडद्यावर: लॅमिंग्टन रोड. काउंटरवर सुटे भाग.]

आणि फाइलच नसेल, तर? मग मोजावं लागतं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलं की जोर मोजणारा लोड सेल मिळतो, आणि त्याचा सूक्ष्म सिग्नल आकड्यांत बदलणारं एचएक्स७११ हे छोटं बोर्डही मिळतं. स्वस्त आहे, चांगलं आहे. पण त्यात एक मेख आहे. यातले बरेचसे बोर्ड सेकंदाला दहाच नोंदी घेतील असे जोडून येतात.

दहा नोंदी म्हणजे एक दशांश सेकंदाला एक. सी६चं टोक पाव सेकंदात येऊन जातं. नोंदी नेमक्या ०.०५, ०.१५ आणि ०.२५ सेकंदाला पडल्या, तर चौदाचं टोक कागदावर अकरा होतं. मोजणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही, कारण आलेख गुळगुळीत आणि सुंदर दिसतो. त्याच चिपची एक पिन बदलून जोडली की सेकंदाला ऐंशी नोंदी मिळतात. मग टोकाच्या आसपास चार-पाच तरी बिंदू पडतात.

लोड सेल जुळवायला शिक्का मारलेलं एक किलोचं वजन पुरतं. मुंबईत गुरुत्वाचा आकडा सुमारे ९.७८६ आहे, पुस्तकातला ९.८०७. फरक हजारात दोनचा, सोडून दिला तरी चालेल. स्टँडचं तसं नाही. फळी लवचिक असेल, तर ती स्वतःच थरथरते आणि ती थरथर थ्रस्ट म्हणून नोंदली जाते. टिचकी मारून पाहायचं, आकडे किती वेळ डोलतात ते.

मोटर नोझल वर करून उभी पेटवली, की जळताना ती हलकी होत जाते. शेवटी रेषा शून्याच्या खाली थांबते, एक दशांश न्यूटनने. बरेच जण ती मशीनची चूक समजून पुसतात. खरं तर ते जळून गेलेल्या बारुदीचं वजन आहे, आणि ते हिशेबात हळूहळू परत मिळवायचं असतं. साडेचार न्यूटनच्या सपाट भागात हा दोन टक्क्यांचा फरक आहे.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बारूद आणि प्रोपेलंट १८८४च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८च्या स्फोटक नियमांखाली येतात, परवान्यांचं काम नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था पाहते. घरी, गच्चीवर, हॉस्टेलच्या मागे मोटर बनवणं किंवा पेटवणं हा प्रयोग नव्हे. चाचणी परवानगी असलेल्या जागेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, अंतर राखूनच.

[पडद्यावर: एकाच मोटरच्या अनेक चाचण्यांचे आलेख, एकावर एक.]

एक मोटर पेटवून आलेख मिळतो, तो त्या एका मोटरचा. पेटीतली दुसरी थोडी वेगळी जळते. डिलेमध्ये हे सर्वांत जास्त जाणवतं. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए ११२५ या मानकात डिलेला वीस टक्के किंवा दीड सेकंद इतकी सूट आहे. शिखरावर रॉकेट जवळजवळ थांबलेलं असतं. दीड सेकंदाने ते सेकंदाला जवळपास पंधरा मीटरने खाली येत असतं. त्या वेगात उघडणाऱ्या पॅराशूटचे दोरे तसे बांधावे लागतात. लोकल गाडीची सरासरी गती वेळापत्रकातून काढता येते, पण दारात उभ्या माणसाला सांभाळायचा असतो तो हिसका. इथेही रचना सरासरीवर नव्हे, टोकांवर करायची.

म्हणूनच फाइल कुठून आली, हे फाइलइतकंच महत्त्वाचं. सार्वजनिक संग्रहांत तीन प्रकारच्या नोंदी सापडतात: प्रमाणन चाचणीतून आलेल्या, कंपनीने दिलेल्या, आणि एखाद्या हौशी माणसाने पाठवलेल्या. अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली, तर कॅनडात तिथली रॉकेट्री संघटना मोटर तपासून प्रमाणित करतात. छापील आलेखावरून बिंदू हाताने उचलून केलेल्या फाइलीही असतात, आणि त्यांत ते पहिलं टोक हमखास बोथट होतं.

मुंबईतल्या टीमनी मोजलेल्या फाइली आपल्यापुरत्या ठेवू नयेत. वरच्या टिपणांच्या ओळी रिकाम्या असतात, तिथे लिहावं: किती मोटर पेटवल्या, सेकंदाला किती नोंदी घेतल्या, त्या दिवशी तापमान किती होतं, मोटर पावसाळ्यात कुठे ठेवलेली होती, वजन कोणत्या काट्यावर केलं. सोबत लोड सेलचे कच्चे आकडेही जोडावेत, गुळगुळीत करण्याआधीचे. पुढच्या वर्षीची टीम दुसऱ्या कॉलेजची असेल, तिच्याकडे दुसरा स्टँड असेल. तिला तीच मोटर पुन्हा पेटवून दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवता येतील, आणि पहिल्या पाव सेकंदात ते कुठे वेगळे होतात ते पाहता येईल.