हिरवळीवर खरबूज

(दृश्य: सिंहगड रोडवरची एक सोसायटी, सकाळ. हिरवळीच्या कडेला पत्र्याची पाटी: 'हिरवळीवर चालू नये. कारण विचारू नये.')

ही पाटी आमच्याच सोसायटीची. माणसं ती बऱ्यापैकी पाळतात. खरबुजानं पाळली नाही.

झालं असं, की ओल्या कचऱ्याचं खत चाळून माळीमामांनी हिरवळीवर पसरलं. खत होताना खड्डा पुरेसा तापला नाही, तर फळांच्या बिया त्यात जिवंत राहतात. फेब्रुवारी सरता सरता गवतातून दोन जाडसर, गुळगुळीत पानं वर आली आणि त्यांच्या मधून एक गोलसर, खरखरीत पान. मी उपटायला वाकले, तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. तण न्हाई ते, खरबूज हाय."

मामा दौंडकडचे. त्यांना पानावरून कळतं.

कमिटीची बैठक झाली. पार्किंगपेक्षा जास्त वेळ या वेलावर गेला. एकच वेल ठेवायचा, बाकी रोपं काढायची, असं ठरलं. तळमजल्यावरच्या आजींनी त्याची जबाबदारी घेतली. आणि पुढचे अडीच-तीन महिने एकाच मातीत, एकाच नळाच्या पाण्यावर दोन झाडं शेजारी शेजारी वाढताना आम्ही पाहिली.

(दृश्य: गवताच्या पात्याचं बूड, अगदी जवळून.)

गवत कापलं तरी मरत का नाही, हे इथं बघा. पात्याची वाढ बुडाशी होते. टोक जुनं, बूड तरुण. आपण कापतो ते वाढून झालेलं टोक. वाढणारा भाग जमिनीलगत, पात्याच्या आवरणात सुरक्षित असतो. म्हणून गाईनं चरलं काय आणि मशीन फिरवलं काय, गवत खालून पुन्हा सरकतं.

वेलाचं नेमकं उलट. बूड जुनं, टोक कोवळं. शेंडा खुडला की ती फांदी तिथंच थांबते आणि पानांच्या बगलेतून आडव्या फांद्या फुटतात. मामांनी चार-पाच पानांवर शेंडा नखानं खुडला, तेव्हा आजी हळहळल्या. पण खरबुजाची फळं धरणारी फुलं बहुतेक या आडव्या फांद्यांवरच येतात. मुख्य वेलावर आधी नुसती नर फुलं. ती आठवडाभर उमलतात, गळतात, आणि नवखा माणूस घाबरतो.

कात्री दोघांनाही लागते. फक्त आपलं मागणं वेगळं असतं. खरबुजानं शेवटाला जावं, फळ द्यावं आणि सुकावं. हिरवळीनं कधीच शेवटाला जाऊ नये. तिला तुरा आला की आपण मशीन काढतो.

आमची हिरवळ उरुळी कांचनच्या एका नर्सरीतून चटया आणून अंथरलेली. नर्सरीवाले तिला मेक्सिकन म्हणतात. आता तिच्यात निम्मी हरळी शिरली आहे. मामांना त्याचं दुःख नाही. हरळी म्हणजेच दूर्वा, गणपतीला वाहतो तीच. जमिनीवरून धावणारे धुमारे आणि जमिनीखालून जाणारी खोडं अशी दोन्हींकडून ती पसरते, आणि पेऱ्या-पेऱ्याला मुळं सोडते. दूर्वेच्या वैदिक मंत्रात 'काण्डात् काण्डात् प्ररोहन्ती' असे शब्द आहेत. कांड्या-कांड्यांवर उगवत जाणारी. वनस्पतिशास्त्राच्या तासाला यापेक्षा नेमकं वर्णन मला कुणी सांगितलं नव्हतं. शेतकरी मात्र हरळीची मुळी म्हटलं की कपाळाला हात लावतो.

क्रीडांगणांवरचं प्रसिद्ध गवत, टिफवे ४१९, हेही हरळीच्याच घरातलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन इथं दोन जातींच्या संकरातून ते निघालं, १९६० साली बाहेर आलं. ते वांझ आहे. त्याला उगवणारं बी धरत नाही. म्हणून जगभरात ते तुकड्यांनीच लावतात, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे तेच एक झाड. चटईत दगा नाही. बीचं तसं नाही. बाजारात आज मिळणारं खरबूज बहुतेक संकरित वाणाचं असतं. त्याच्या बीतून काय निघेल, हे फळ कापल्याशिवाय कळत नाही. आमचा वेल अशाच कुणाच्या तरी ताटातल्या फोडीतून आलेला.

(दृश्य: मामा युरियाची मूठ फेकताहेत. वेलाची तळहातापेक्षा मोठी, काळपट हिरवी पानं.)

पहिली चूक इथं झाली. हिरवळीला नत्र लागतं, म्हणून मामांनी युरिया दिला, आणि त्यातला वाटा वेलानं उचलला. वेल माजला. पानंच पानं, फूल नाही. वेलाला फुलं लागायच्या सुमाराला नत्राचा हात आखडावा लागतो, आणि फळ भरताना पालाश द्यावं लागतं. गवताला हा हिशोब नाही. त्याच्याकडून आपल्याला पानच हवं.

एप्रिलच्या सुरुवातीला फळाची फुलं आली. ती ओळखायची खूण सोपी: पाकळ्यांच्या मागं बोराएवढी लवदार गाठ. पण मधमाश्या येईनात. आजींनी सकाळी आठच्या आत एक नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतला परागाचा भाग दुसऱ्या फुलात अलगद टेकवला. कुंकू लावावं तसा. चार दिवसांत दोन गाठी फुगल्या.

त्यातली एक फळमाशीनं नेली. ही माशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतून पोखरतात, आणि वरून दिसतो फक्त डिंकाचा एक थेंब. शेतात याला कामगंध सापळे, म्हणजे नर माश्यांना वासानं भुलवून पकडणारे सापळे, लावतात. आजींनी दुसऱ्या फळाला जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवली आणि खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवून त्यावर पाचोळा अंथरला. ओल्या गवतावर टेकलेलं फळ खालून कुजतं.

(दृश्य: फवारा. संध्याकाळ.)

पाण्यावरून मात्र खरी भांडणं झाली. आमची हिरवळ २,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर उडून जातं असं धरलं, तरी ९३० लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर अकरा दिवसही पुरत नाही. हे गणित बैठकीत मांडलं, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्या जवळूनच मुठेचा उजवा कालवा जातो, खडकवासल्याचं पाणी घेऊन पुढं दौंड, इंदापूरकडं. त्या बाजूला ठिबकवर आणि मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर, खरबुजं पिकतात. मामा कालव्याकडं बोट करून म्हणाले, "आमच्या वाटचं हितं फवारताय." हसत म्हणाले, पण म्हणाले.

रोज थोडं थोडं शिंपडलं की गवताची मुळं वरच्या वर राहतात. त्यापेक्षा मधले दिवस सोडून, माती चांगली भिजेल असं द्यावं. मुळं पाण्याच्या मागं खाली जातात आणि ऊन सोसतात. कापतानाही उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त घेऊ नये. मशीनचं पातं बोथट असलं तर टोकं चिरफळतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी हिरवळ पांढुरकी दिसते. आमची दिसते.

वेलाला फवारा मुळीच चालत नाही. संध्याकाळी पानं भिजली आणि रात्रभर तशीच राहिली, की केवडा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, आलाच. म्हणून बुडाशी आळं करून तांब्यानं पाणी. आणि फळ पिकायला लागलं की तेही कमी करायचं, नाहीतर चव पाणचट होते. खूप ताणून एकदम पाणी दिलं तर फळ तडकतं.

आंबा अढीत घालून गोड होतो, कारण कैरीत पिष्ट साठलेलं असतं. खरबुजात तो साठा नसतो. तोडल्यावर ते मऊ होतं, वास सुटतो, पण गोडी वाढत नाही. साखर येते ती पानांतून, वेलावर असेपर्यंतच. तेव्हा वाट बघायची. देठाभोवती बारीक चीर पडली, नाकाशी धरल्यावर गोड वास आला आणि नुसत्या अंगठ्याच्या दाबानं फळ देठापासून सुटलं, की झालं.

ते सुटलं मेच्या मध्याला. सव्वा किलो. पार्किंगमध्ये टेबल मांडून आजींनी बावीस फोडी केल्या, नखाएवढ्या.

फिकं निघालं. अगदी बेचव नाही, काकडीच्या बाजूला झुकलेलं. "साखर घाला वरून," असं कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. मामांनी दोन फोडी खाल्ल्या. "चिबडावाणी लागतंय," म्हणाले. त्यातही चूक काही नाही. कोकणातलं चिबूड, बांधावरचं शेंदाड आणि खरबूज, सगळी एकाच जातीची भावंडं.

(दृश्य: मामा वाळलेला वेल गुंडाळताहेत. खाली फिकट, पिवळसर गवत.)

वेल उचलला तेव्हा खाली ही जागा होती. मोठ्या पानांच्या सावलीत मेक्सिकन गवत पार विरलं होतं. हरळीलाही सावली सोसत नाही, पण ती उजेडाच्या शोधात लांबली होती. तीन महिने इथं मशीन फिरलं नव्हतं. पातळ, कोवळे, वीतभर उभे कोंब.

मामांनी मशीनची दोरी हातात घेतली.

"थांबा हो मामा," आजी म्हणाल्या. "उद्या संकष्टी आहे."

पाटीकडं न बघता त्या हिरवळीवर उतरल्या, उकिडव्या बसल्या आणि तीन पानांचे कोंब निवडून खुडू लागल्या. एकवीस होईपर्यंत मामा दोरी धरून उभे होते.