मार्खाची वाट गावांतून जाते

मंडळी, नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा पुढच्या उन्हाळ्यात लडाखला जायचा बेत आहे असं संयोजकांनी सांगितलं, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मार्खा खोऱ्याचा ट्रेक ठरवताना आपल्या सगळ्यांची नजर एका आकड्यावर असते. कोंगमारू ला, म्हणजे कोंगमारू खिंड, उंची 5,200 मीटरच्या वर. परत आल्यावरही लोक तेच विचारतात, खिंड झाली का? पण त्या खिंडीपर्यंत आपल्याला नेऊन पोचवतात ती खालची गावं. स्क्यू, मार्खा, हांकर. तिथे आपण कुणाच्या घरी झोपलो, काय जेवलो, गाईडचं किती ऐकलं, यावर पुढचं सगळं ठरतं. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या गावांबद्दल.

उंचीचं मात्र आधी बोलायला हवं, कारण तिथे जिवाशी गाठ असते. आपण सह्याद्रीत तयार झालेले ट्रेकर. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. लेह शहर आहे सुमारे 3,500 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. मुंबईहून सकाळचं विमान पकडलं की आपण त्याच दिवशी तिथे असतो. शरीराला याची काही कल्पनाच नसते. पाय दणकट आहेत, दम चांगला आहे, राजगड-तोरणा एका दिवसात होतो, यातलं काहीही विरळ हवेपुढे उपयोगी पडत नाही. तंदुरुस्त माणसालाही त्रास होतो, आणि पुष्कळदा त्यालाच जास्त होतो, कारण तो भराभर वर चढतो. लेहमध्ये किमान दोन दिवस काहीही न करता काढायचे. पाणी प्यायचं, हळू चालायचं, रात्री नीट झोप लागते का ते बघायचं.

डॉक्टरांचा एक साधा नियम आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा कितीही चढा, पण मुक्काम त्या हिशेबात करा. मार्खाची वाट चिलिंगकडून धरली तर हा नियम जवळजवळ आपोआप पाळला जातो, आणि म्हणूनच नवख्यांना मी तीच वाट सांगते. चिलिंगपर्यंत गाडी जाते. तिथे झंस्कार नदी ओलांडायची. पूर्वी दोरावरच्या पाळण्यात बसून जावं लागे, आता पूल आहे. पहिला मुक्काम स्क्यू, लेहच्याच उंचीच्या आसपास. मग मार्खा, मग हांकर, सुमारे 4,000 मीटर. इथवर सगळं हळूहळू. त्यानंतर निमालिंगचं पठार येतं, 4,700 मीटरच्या वर. घात तिथे होतो. एका दिवसात झोपायची उंची 700 मीटरांहून जास्त वाढते. म्हणून जाणता गाईड हांकर आणि निमालिंगच्या मधे थाचुंगत्सेला एक रात्र थांबवतो. त्या कुरणात बघण्यासारखं फार काही नाही, आणि दिवस वाचवायचा म्हणून वेळापत्रकातून सर्वांत आधी उडतो तो हाच मुक्काम. हे मला अजिबात पटत नाही. डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ इथपर्यंत असेल तर थांबून बघता येतं. पण बसल्या जागी धाप लागायला लागली, किंवा माणूस सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालू शकत नाही असं दिसलं, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. निमालिंगला ही वेळ आली तर खाली म्हणजे मागे, हांकरकडे. पुढे खिंड आहे, आणि आजारी माणसाला खिंडीवरून नेता येत नाही.

हे सगळं गाईडला ठाऊक असतं. चांगला गाईड पुढे धावत नाही. तो सर्वांत मागे राहणाऱ्या माणसाबरोबर चालतो आणि बोलता बोलता त्याच्याकडे लक्ष ठेवतो. हा चहा नको म्हणतोय का? बुटाची नाडी बांधायला वाकल्यावर उठताना झोक जातोय का? आपल्याकडे कोविडपासून सगळ्यांना बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या त्या यंत्राची सवय झाली आहे, आणि लोक रात्रभर आकडे बघत बसतात. मी आकड्यापेक्षा गाईडच्या नजरेवर विश्वास ठेवते. नदीचंही तसंच. मार्खा नदी काही ठिकाणी पाण्यात उतरून ओलांडावी लागते. सकाळी गुडघ्याच्या खाली असलेलं पाणी दुपारी वरचं बर्फ वितळलं की मांडीपर्यंत येतं. गाईड पहाटे घाई करतो ती यासाठी.

या कामात आता लडाखी मुलीही आहेत. थिनलस चोरोल यांनी 2009 साली लडाखी विमेन्स ट्रॅव्हल कंपनी सुरू केली. तिथे गाईड स्त्रिया, सामान वाहणाऱ्याही स्त्रिया. डोंगरात बाईने परक्या लोकांबरोबर मुक्काम करायचा, ही गोष्ट तिथेही सहज मान्य झालेली नव्हती. आज आपल्या मुलीला एकटीला पाठवायला कचरणारे आईवडील माझ्याकडे चौकशी करतात, तेव्हा मी हे नाव सांगते.

आता घराकडे येऊ. मार्खा गावात संध्याकाळी पोचलात की सामान वरच्या खोलीत ठेवायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. लडाखी घरात खरी बैठक तीच असते. मधे चूल, तिच्यामागच्या भिंतीवर फळ्यांच्या ओळी, आणि त्यांवर तांब्या-पितळेची भांडी, पातेली, ओगराळी उंचीनुसार मांडलेली. त्यातली काही चिलिंगची असतात. चिलिंग हे धातूकाम करणाऱ्यांचं गाव. लेहजवळच्या शे इथली बुद्धाची मोठी मूर्ती सतराव्या शतकात घडवली गेली, तेव्हा नेपाळहून आलेल्या कारागिरांचे हे वंशज, असं तिथे सांगतात. भिंतीच्या कडेने सतरंज्या, पुढे बुटकी चौरंगासारखी टेबलं. घरची आजी लाकडाच्या उंच नळकांड्यात चहा, लोणी आणि मीठ घालून दांड्याने घुसळते. हा गुर-गुर चहा. पेल्यातून एक घोट घेतला की ती पुन्हा काठोकाठ भरते. रिकामा पेला पाहुण्यापुढे राहू द्यायचा नाही ही तिची रीत. नको असेल तर पेला भरलेला तसाच ठेवायचा आणि उठताना संपवायचा. ज्यांना चहा म्हणून तो घशाखाली उतरत नाही त्यांनी सूप समजून प्यावा. उंचीवर मीठ, पाणी आणि स्निग्ध पदार्थ तिन्ही एकदम मिळतात.

रात्री बहुतेक स्क्यू असतं. गावाचं नाव आणि या पदार्थाचं नाव ऐकायला सारखंच. कणकेचे अंगठ्याने दाबलेले छोटे तुकडे भाजीच्या रश्शात शिजवतात. आपल्या वरणफळांची आठवण येतेच. सकाळी खंबीर, म्हणजे जाड आंबवलेली रोटी, आणि घरच्या जर्दाळूचा जॅम. संडास कोरडा असतो. वर जमिनीत एक चौकोनी भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की वरून माती लोटायची. ते खत वसंतात शेतात जातं. आपल्यातल्या काही जणांना पहिल्या दिवशी हे अवघड वाटतं. पण पावसाचा थेंबही मोजून पडणाऱ्या त्या मुलखात फ्लशमध्ये पाणी घालवणं परवडणारं नाही.

पाण्याचा हिशेब गावात किती काटेकोर आहे ते शेतात दिसतं. बार्ली, म्हणजे तिकडची ग्रिम, आणि वाटाणा ही मुख्य पिकं. पाऊस नाही, त्यामुळे बर्फाचं वितळलेलं पाणी पाटांनी आणायचं, तळ्यात साठवायचं आणि पाळीपाळीने सोडायचं. कुणाच्या शेताला केव्हा पाणी मिळणार हे गावाने नेमलेला माणूस ठरवतो. त्याला चुरपोन म्हणतात. अडचण अशी की पेरणी मे महिन्याच्या सुमारास, आणि वरच्या हिमनद्या नीट वितळायला लागतात त्यानंतर. चेवांग नोर्फेल या अभियंत्याने यावर उपाय काढला. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाजवळ सावलीत अडवून गोठवायचं, म्हणजे खालच्या उंचीवरचं ते बर्फ वसंतात लवकर वितळतं. त्यांना 2015 साली पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप, म्हणजे हिवाळ्यातलं पाणी शंकूच्या आकारात गोठवून उभे केलेले ढीग, हे त्याच प्रश्नावरचं पुढचं उत्तर. आपण ट्रेकला जातो त्या जुलै-ऑगस्टमध्ये ही शेतं हिरवीगार असतात. पाऊलवाट बांधावरून जाते. पाटात पाय घालून बूट धुणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. ते पाणी कुणाच्या तरी पाळीचं असतं.

घरी उतरण्याची ही पद्धत आपोआप आलेली नाही, आणि त्यामागे हिमबिबट्या आहे. हे सगळं खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं. ते 1981 साली जाहीर झालं, आणि गावं त्याच्या आतच आहेत. लडाखीत हिमबिबट्याला शान म्हणतात. तो रात्री गोठ्यात शिरला की एका मेंढीवर थांबत नाही. बंद जागेत घाबरून पळणाऱ्या जनावरांवर तो पुन्हा पुन्हा झडप घालतो, आणि एका रात्रीत घराची वर्षाची कमाई जाते. मग लोक त्याला मारत. यात गावकऱ्यांना दोष देणं शहरात बसून फार सोपं आहे. 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या हिमबिबट्याच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने रुम्बक आणि आसपासच्या गावांत दोन गोष्टी केल्या. गोठ्यांना वरून जाळी बसवली, आणि घरात पाहुणे ठेवायची व्यवस्था उभी केली. ती मुख्यतः बायकांच्या हाती आहे. पाहुणे पाळीपाळीने घरोघर वाटून दिले जातात, म्हणजे वाटेवरचं पहिलं घर सगळे पैसे घेऊन जात नाही. उत्पन्नाचा काही भाग गावाच्या निधीत पडतो. आता हिमबिबट्या जिवंत राहण्यात गावाचा फायदा आहे. ट्रेकमध्ये तो तुम्हाला बहुधा दिसणार नाही. त्याचा मोसम हिवाळा. भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, मात्र कड्यावर दिसतात, आणि त्याही नजर सरावलेला गाईडच आधी दाखवतो. पाळीने जे घर येईल तिथे मुकाट्याने जा. ‘ते समोरचं घर जास्त छान दिसतंय’ असा आग्रह धरला की ही सगळी घडी विस्कटते.

गोम्पांबद्दल, म्हणजे बौद्ध मठांबद्दल, दोन गोष्टी. गावातले गोम्पे लहान असतात आणि बरेचदा कुलूपबंद. किल्ली गावात कुणाकडे तरी असते आणि तो माणूस शेतात असतो. गाईड हाक मारतो, तो हातातलं काम टाकून चढून येतो. अशा वेळी आत दोन मिनिटं डोकावून, फोटो काढून पळू नये. बसा, दिव्यासाठी काही ठेवा, भिंतीवरची चित्रं डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत बघा. मार्खा आणि हांकरच्या मधे वाटेच्या डोक्यावर कड्याला टेचा गोम्पा आहे. चढ उभा आहे, पण उंचीची सवय व्हायला तो उपयोगीच पडतो: वर जायचं आणि झोपायला खाली यायचं. वाटेत मणी भिंती लागतात, मंत्र कोरलेल्या दगडांच्या. त्या नेहमी उजव्या हाताला ठेवून जायचं. तिथला एकही दगड उचलायचा नाही.

निमालिंग आणि खिंड मी थोडक्यात सांगते, कारण त्याची वर्णनं तुम्ही भरपूर ऐकली असतील. निमालिंग म्हणजे खालच्या गावांचं उन्हाळी कुरण. मेंढ्या, याक, लोणी काढणाऱ्या बायका, आणि वर 6,400 मीटरचं कांग यात्से शिखर. पहाटे निघायचं, दोन-तीन तासांत कोंगमारू ला. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. थोडा वेळ थांबून उतरायला लागायचं. उतार लांब आणि गुडघ्यांची परीक्षा बघणारा आहे.

खाली शांग सुमदोला गाडी मिळते आणि जवळच हेमिस. सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्यालच्या आश्रयाने उभा राहिलेला, तिबेटी बौद्ध धर्मातल्या द्रुकपा परंपरेचा मठ. जून-जुलैत तिथली हेमिस त्सेचू जत्रा असते, मुखवटे घालून भिक्षू नाचतात. दर बारा वर्षांनी मोठा थांका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र, उलगडतात. मागच्या वेळी 2016 साली उलगडला होता. खोऱ्यातून चालत आलेल्या माणसाला हेमिस वेगळं दिसतं. टेचासारख्या छोट्या गोम्प्यात दिवा लावणारा माणूस आणि इथला भरलेला प्रांगण यांच्यातला धागा तुम्ही पायांनी मोजलेला असतो.

शेवटी रस्त्याचा मुद्दा. गाडीरस्ता आता चिलिंगकडून खोऱ्यात आत आत सरकतो आहे, आणि ट्रेकर मंडळी हळहळतात. मला ही हळहळ समजते, पण मान्य नाही. हिवाळ्यात बाळंतीण अडली तर तिला कसं न्यायचं, शाळेसाठी लेहला ठेवलेली मुलं घरी केव्हा येणार, हे प्रश्न ज्यांचे आहेत त्यांनी रस्ता मागितला आहे. रस्ता झाला की काही गावांतला मुक्काम सुटेल, एवढी काळजी मात्र खरी आहे. गाडी थेट हांकरला नेऊन सोडेल, स्क्यू आणि मार्खातल्या बायकांकडे पाहुणा उरणार नाही, आणि अंगात उंची मुरायला मिळणारे दिवसही जातील. म्हणून गाडी पुढे जात असली तरी चिलिंगलाच उतरा आणि चालायला लागा.

बुकिंग करताना गाईड कुठल्या गावचा ते विचारा. मुक्काम घरात आहे की तंबूत ते विचारा. घोडेवाल्याचे पैसे कोण देतं, केव्हा देतं, हेही विचारा. आणि थाचुंगत्सेची रात्र धरली आहे का, ते नक्की विचारा. ‘त्याची काही गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.