काचेला हत्यार कधी लावायचं

श्रोतेहो, नमस्कार.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. जिथे रसायन तिथे प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळा म्हटली की कुठलीतरी नळी तडकलेली असणार, नाहीतर कॅटलॉगमध्ये न मिळणारा एखादा आकार कोणाला तरी आजच हवा असणार. ते काम ग्लास ब्लोअरचं. रबाळ्याच्या एका गाळ्यात मी हेच करत आलो. नवीन शिकायला आलेली मुलं हमखास विचारतात, "दादा, आकार ज्योतीनं द्यायचा की हत्यारानं?"

आधी काचेचा स्वभाव सांगतो. काचेला ठरलेला वितळणबिंदू नसतो, ती हळूहळू मऊ पडत जाते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच 820 अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःच्याच वजनानं खचू लागते, आणि मनासारखी खेळवायची तर साधारण 1250 अंशांपर्यंत न्यावी लागते. म्हणून एलपीजीला ऑक्सिजनची जोड. ऐन मे महिन्यातही आमच्या डोक्यावरचा पंखा बंद, कारण वाऱ्यानं ज्योत हलते. आणि ज्योतीत काच धरली की जो भगभगीत पिवळा उजेड पडतो, तो गॅसचा नव्हे, काचेतल्या सोडियमचा. त्यात काम दिसतच नाही, म्हणून तो पिवळा रंग गाळणारा डिडिमियमचा चष्मा लावावा लागतो.

अशी तापलेली काच चमच्यावरून ओघळणाऱ्या काकवीसारखी खाली निघते. तिला अडवता येत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की तिची खालची बाजू सारखी बदलत ठेवायची. म्हणून नळी अखंड फिरवायची. दोन्ही हातांचा वेग सारखा हवा; एक हात मागे पडला की मधला मऊ भाग पिळवटला म्हणून समजा. पहिले कित्येक महिने शिकाऊ मुलगा दुसरं काहीच करत नाही. फिरवणं जमलं की पृष्ठताण उरलेलं काम करतो: कापलेल्या नळीची धारदार कड ज्योतीत धरा, ती आपसूक गोल होते. तिला कानस लावून तेवढी सफाई येणार नाही.

आता इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी घ्या. नवशिका काय करतो? चिंचोळी ज्योत घेतो, बोटभर जागा तापवतो आणि वाकवतो. आतल्या बाजूला लगेच चुणी पडते, बाहेरची बाजू ताणून पातळ होते. खरी रीत अशी, की ज्योत रुंद करायची आणि बराच लांब भाग फिरवत फिरवत सारखा मऊ करायचा. मग नळी ज्योतीबाहेर काढायची आणि दोन्ही टोकं वर उचलायची. मधला भाग आपल्या वजनानं खाली झुलतो आणि बाक स्वतःच धरतो. एक टोक बुचानं बंद केलेलं असतं, दुसऱ्या टोकाला तोंडातली रबरी नळी. तिच्यातून हलकी फुंकर मारली की बाकात चपटं झालेलं पोट पुन्हा गोल. या सगळ्यात हत्यार कुठेच नाही.

मग हत्यार हवं कशाला? मापासाठी. रबरी पाइप घट्ट बसावा म्हणून नळीच्या टोकाला कंगोरे काढायचे असतात, फ्लास्कचं तोंड ठरलेल्या व्यासाचं फाकवायचं असतं, तळ सपाट करायचा असतो. गुरुत्वाकर्षणाला मिलिमीटर कळत नाहीत. तिथे कार्बनचा दांडा, ग्रॅफाइटची पाटी, चिमटा. ग्रॅफाइट अशासाठी, की त्याला तापलेली काच चिकटत नाही. लोखंड तापलं की चिकटतं.

पण हत्यार काचेला नुसतं दाबत नाही, गारही करतं. दांडा टेकला की तेवढीच जागा झटकन कडक होते. वर बारीक सुरकुत्या उमटतात आणि आत ताण बसतो. म्हणून टेकवा, उचला, परत ज्योतीत घाला. काच ऐकत नाही असं वाटून जो जोर लावतो, त्याची काच पुरेशी तापलेलीच नसते. साध्या सोडा काचेत हे जास्त जपावं लागतं. उष्णतेनं ती बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गार हत्यारानं तडकायला तिला निमित्तच पुरतं.

हत्याराला शिवत नाही तोच खरा कारागीर, असं मानणारेही भेटतात. मला ते सोवळं वाटतं. हार्वर्ड विद्यापीठात काचेची फुलं आहेत, लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांची. 1887 साली सुरू झालेलं ते काम बापामागे मुलानं 1936 पर्यंत चालवलं. पायानं भाता मारून फुलवलेली ज्योत, आणि काचेला चिमटे काढत, दाबत घडवलेल्या पाकळ्या. त्यांना कोणी कमअस्सल म्हणेल का?

ज्योतीनं घडवा नाहीतर हत्यारानं, वस्तू शेवटी भट्टीत जाते. साधारण 560 अंशांवर ठेवून सावकाश गार करतात, तेव्हा ताण निघतो. तो निघाला की नाही हे पोलॅरिस्कोपमध्ये दिसतं. नुसत्या डोळ्यांना निर्मळ वाटणाऱ्या काचेत तिथे रंगीत पट्टे दिसले, तर ती वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची नाही. पुन्हा भट्टीत घालायची.

नमस्कार.