नंबर प्लेटमागचा पंखा

(दृश्य: अंधार. एकामागून एक चार लाल दिवे लागतात.)

हे विमान नाही. ही १९५९ सालची कॅडिलॅक, मागून पाहिलेली. दोन्ही बाजूंना उभे धारदार पंख आणि प्रत्येक पंखात दोन-दोन दिवे, बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार. बंपरपासून बंपरपर्यंत लांबी जवळपास पावणेसहा मीटर. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही लावली तर सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी नोटीस काढतील.

आणि हे पंख करतात काय? काहीही नाही. दिसतात. पण काय दिसतात!

कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉकहीडचं पी-३८ हे लढाऊ विमान जवळून पाहिलं होतं. त्या विमानाला एक नाही, दोन शेपट्या. त्या दोन शेपट्या अर्लच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. युद्ध संपलं आणि १९४८च्या कॅडिलॅकला मागच्या बाजूला दोन छोटे उंचवटे आले. नुकतं शिंग फुटलेल्या वासरासारखे. मग प्रतिस्पर्धी क्रायस्लरवाल्यांनी १९५७मध्ये त्याहून उंच पंख काढले. शेजाऱ्यानं एक मजला चढवला की आपण दोन चढवायचे, तसं झालं, आणि त्या ईर्षेतून ही ५९ची कॅडिलॅक जन्माला आली.

(दृश्य: फायरबर्ड १, टेस्ट ट्रॅकवर.)

ही तर कमालच. १९५३ची फायरबर्ड. पुढे विमानाचं नाक, वर काचेचा घुमट, आत एकच माणूस, मागे जेट विमानासारखं गॅस टर्बाइन इंजिन. जनरल मोटर्सच्या मोटोरामा नावाच्या फिरत्या प्रदर्शनात लोक हिच्याभोवती गर्दी करायचे. विकायला ती नव्हतीच. विकायला होत्या शेजारी उभ्या असलेल्या साध्या गाड्या, आणि त्यांचीही नावं आकाशातलीच. त्यांच्याच ओल्ड्समोबिलच्या इंजिनाचं नाव रॉकेट. प्रतिस्पर्धी फोर्डच्या गाडीचंही थंडरबर्ड.

या अमेरिकन गाड्यांशी मुंबईची ओळख जुनी. शिवडीत जनरल मोटर्सची जुळणी १९२८पासून, पुढे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो. आणि इम्पाला? इम्पाला म्हणजे सिनेमातल्या नायिकेच्या श्रीमंत बापाची गाडी. त्या काळची माणसं अजूनही गाडीच्या आकाराचं वर्णन करताना दोन्ही हात पसरतात.

पण खरे पंख? उडणारे?

(दृश्य: कृष्णधवल फिल्म. छोटी गाडी, मागे ट्रेलर.)

वॉशिंग्टन राज्यातलं लाँगव्ह्यू गाव. इथे मोल्टन टेलर नावाच्या माणसानं १९४९मध्ये एरोकार नावाची उडणारी गाडी उडवली. त्याच्या आधी रॉबर्ट फुल्टन यांची एअरफिबियन होती, पण तिचे पंख विमानतळावरच सोडून पुढे जावं लागायचं. टेलर म्हणाले, पंख बरोबर न्यायचे. घडी घालून, चाकांवर ठेवून, गाडीमागे ओढत.

आता जरा जवळून बघा. गाडीच्या मागची नंबर प्लेट. ती वर उचलायची. तिच्यामागे असते इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याची जोडणी. तिथे शेपटी जोडायची, टोकाला पंखा, म्हणजे विमानाचा प्रोपेलर, बसवायचा. एकट्या माणसाचं काही मिनिटांचं काम. इंजिन तेच. रस्त्यावर पुढची चाकं फिरवतं. उडताना गिअर न्यूट्रलला ठेवायचा, की सगळी ताकद पंख्याला. रस्त्यावर ताशी शंभराच्या आतबाहेर, हवेत पावणेदोनशे किलोमीटर.

१९५६मध्ये सरकारी प्रमाणपत्रही मिळालं. अभिनेते बॉब कमिंग्ज यांनी एक घेतली. पोर्टलंडच्या एका रेडिओ स्टेशननं ट्रॅफिकच्या बातम्या देण्यासाठी एक उडवली. एका मोठ्या कंपनीनं कारखान्यात बनवायची तयारीही दाखवली. अट एकच, आधी पाचशे मागण्या आणा.

टेलरना जेमतेम निम्म्या मिळाल्या.

पंख असलेल्या कॅडिलॅक हजारोंनी विकल्या जात होत्या, त्याच देशात, त्याच वर्षांत. मला तरी यात नवल वाटत नाही. कॅडिलॅकवाल्याला वैमानिकाचा परवाना लागत नव्हता, वारा-पाऊस बघून निघावं लागत नव्हतं. बंपरला कुणी ठोकलं तर गाडी गॅरेजला जायची. एरोकारला ठोकलं तर चेपलं होतं ते विमान. आणि चूक झाली तर? १९४७मध्ये कॉनव्हेअर कंपनीची अशीच एक गाडी इंधन संपून सान डिएगोजवळ कोसळली. वैमानिकानं काटा बघितला होता, पण गाडीचा. विमानाचा काटा वेगळा होता. तो वाचला, एवढंच.

शेवटी एरोकार बनल्या एकूण सहा.

(दृश्य: ऑशकॉश, विस्कॉन्सिन. संग्रहालयाचं दालन.)

त्यातली पहिली इथे आहे. कॅडिलॅकच्या शेजारी ठेवली तर खेळण्यासारखी दिसेल. गोल नाक, छोटी चाकं, चकाकणारं क्रोम जवळजवळ नाहीच. पण मागे जाऊन वाकून बघा.

नंबर प्लेटला बिजागरी आहे.