नकळत पाठ होणारी दृश्यं

पडद्यावर १२ अक्षरं विखुरली आहेत. त्यांतली ११ इंग्रजी 'एल', उलटसुलट फिरवलेली. त्यांच्यात एकच 'टी', आडवा पडलेला. तो शोधायचा आणि त्याचं डोकं डावीकडे आहे की उजवीकडे, तेवढं बटण दाबून सांगायचं. सापडला? लगेच पुढचं चित्र. मग त्याच्या पुढचं.

१९९८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले मार्विन चुन आणि युहाँग जियांग यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. शेकडो चित्रांमध्ये काही मांडण्या पुन्हा पुन्हा येत होत्या, पण तसं कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या मांडण्यांत 'टी'ची जागा ठरलेली. डोकं मात्र कधी इकडे, कधी तिकडे. म्हणजे उत्तर घोकून काही उपयोग नव्हता.

तरीही थोड्याच फेऱ्यांत जुन्या मांडणीतला 'टी' लवकर सापडू लागला. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण पक्का. आणि 'यातलं आधी कुठलं पाहिलंय?' असं विचारल्यावर? उत्तरं अंदाजपंचे!

हे मेंदूला का करावं लागतं? डोळ्याला बारीक तपशील दिसतो तो नजरेच्या अगदी मधोमध, लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याएवढ्या जागेत. बाकी सगळं धूसर. त्यामुळे नजर सेकंदाला साधारण तीन उड्या मारते, आणि पुढची उडी कुठे घ्यायची हे दर वेळी ठरवावं लागतं. ओळखीची मांडणी ती दिशा देते.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पुढचा शोध. १९९९ मध्ये चुन आणि एलिझाबेथ फेल्प्स यांनी मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आणि त्याच्या आसपासच्या भागाला इजा होऊन स्मृती गेलेल्या माणसांकडून हेच करून घेतलं. सरावानं त्यांचाही वेग वाढला. जुन्या मांडणीचा फायदा मात्र त्यांना मिळालाच नाही. घडलेले प्रसंग आठवण्यासाठी लागणारा मेंदूचा हा भाग, जे कुणालाच आठवत नाही तेही शिकत होता! नेमकं काम हिप्पोकॅम्पसचं की त्याच्या शेजाऱ्यांचं, यावर पुढे बराच वाद झाला.

या शिकण्याचा हट्टीपणाही मोठा. स्वयंपाकघरात मिठाचा डबा हलवला, की नजर आधी जुन्याच फळीकडे जाते ना? पुढच्या प्रयोगांतही मांडणी तीच ठेवून फक्त 'टी' हलवला, तेव्हा मिळवलेला वेग गेला. आणि पहिली जागा चटकन शिकलेल्या मेंदूनं नवी जागा शिकायला फार वेळ घेतला.