वर्गाशेजारचा शेअर बाजार

श्रोतेहो, नमस्कार. इंडोनेशियातील अनेक विद्यापीठांच्या आवारात एक छोटे दालन असते. त्याला तिथे ‘गॅलेरी इन्व्हेस्तासी’ म्हणतात आणि विद्यापीठ, देशाचा शेअर बाजार व एखादी दलाली पेढी असे तिघे मिळून ते चालवतात. इस्लामी गुंतवणुकीकडे तिथला विद्यार्थी का वळतो, याचे उत्तर केवळ श्रद्धेत शोधले तर हे दालन नजरेतून सुटते.

श्रद्धेचा वाटा अर्थातच मोठा आहे. व्याज निषिद्ध, जुगारही निषिद्ध. मग शेअर कोणत्या रकान्यात बसवायचा? तेथील उलेमा परिषदेच्या राष्ट्रीय शरीयत मंडळाने 2011 मध्ये 80 क्रमांकाचा फतवा काढून व्यवहाराच्या अटी स्पष्ट केल्या. दलालांकडील शरीयत खात्यातून शरीयतसंमत शेअरच्या अधिकृत यादीबाहेरचा शेअर घेता येत नाही, उधारीवर खरेदी होत नाही आणि हातात नसलेला शेअर विकताही येत नाही. 2017 च्या नियमांनुसार यादीतील कंपनीचे व्याजी कर्ज एकूण मालमत्तेच्या 45 टक्क्यांपर्यंत आणि निषिद्ध उत्पन्न 10 टक्क्यांपर्यंत चालत असे. ‘म्हणजे थोडे व्याज चालते तर!’ असे एखादा विद्यार्थी म्हणेल, आणि त्याची शंका रास्तच आहे. ती विचारायला समोर माणूस असणे, हे मला त्या दालनाचे खरे मोल वाटते.

मात्र परवानगी मिळाली म्हणून खिशात पैसे येत नाहीत. 2014 च्या जानेवारीत एका लॉटमधील, म्हणजे एका वेळी किमान घ्याव्या लागणाऱ्या गठ्ठ्यातील, शेअरची संख्या 500 वरून 100 वर आली, आणि 500 रुपियाच्या शेअरसाठी अडीच लाखांऐवजी 50 हजार रुपिया पुरू लागले. खानावळीचे पैसे चुकते करून उरलेल्या रकमेत बसणारा हा बदल, माझ्या मते, फतव्याइतकाच परिणामकारक आहे. पुढच्याच वर्षी ‘युक नाबुंग साहाम’, म्हणजे ‘चला, शेअरमध्ये बचत करू’, अशी मोहीम निघाली. आपण सट्टा खेळतो तसे तिथेही शेअर ‘खेळतात’, त्यामुळे ‘बचत’ हा शब्द विचारपूर्वक निवडलेला दिसतो.

अर्थात मित्रांच्या आग्रहाने चर्चासत्रात खाते उघडणे वेगळे आणि दरमहा एक लॉट घेत राहणे वेगळे. शरीयतसंमत शेअरचाही भाव पडतो. शिवाय ती यादी वर्षातून दोनदा नव्याने लागते, आणि काल घेतलेला शेअर तिच्यातून वगळला गेला, तर तो केव्हा विकायचा, हे विचारायला विद्यार्थी पुन्हा त्याच दालनात येतो.