व्हाया दादर

(सकाळची गर्दी. मधल्या पुलावरून खाली घेतलेला शॉट, कॅमेरा माटुंग्याच्या दिशेला)

हे दादर. खाली रूळ दिसतायत, त्यातले डाव्या हाताचे पश्चिम रेल्वेचे आणि उजव्या हाताचे मध्य रेल्वेचे. एकाचं मुख्यालय चर्चगेटला, दुसऱ्याचं सीएसएमटीला. टाइमटेबल वेगळं, अनाउन्समेंट वेगळी, मेगाब्लॉकसुद्धा ज्याचा त्याचा वेगळा. दक्षिणेकडून परळ आणि प्रभादेवी ही दोन स्टेशनं शेजारी शेजारी येतात, मग दादर, आणि पुढे माटुंगा आणि माटुंगा रोडपासून रूळ एकमेकांपासून लांब जायला लागतात, एक फाटा माहीम-वांद्रे करत विरार-डहाणूकडे आणि दुसरा सायन-कुर्ला करत ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा-कर्जतकडे. म्हणून ज्याला एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर जायचंय तो इथे उतरतो. डोंबिवली ते बोरिवली पास काढला की त्यावर 'व्हाया दादर' असतं, दोन रेल्वेंचा प्रवास एकाच पासावर होतो. पण त्या दोन रेल्वेंच्या मधलं अंतर ज्यानं त्यानं स्वतःच्या पायानं कापायचं असतं, आणि आमची फिल्म त्या अंतराबद्दल आहे, गाड्यांबद्दल कमी.

(कल्याण फास्ट आतून. दरवाज्याजवळची माणसं)

दादरला उतरायची तयारी दादरला होत नाही, ती कुर्ल्याला होते. फास्ट गाडीला कुर्ल्यानंतर थेट दादरच आहे, त्यामुळे कुर्ला सुटलं की आतली माणसं सरकायला लागतात. "दादर का? पुढे दादर?" हा प्रश्न खांद्यावर हलका हात ठेवून विचारला जातो, आणि पुढचा माणूस नाही म्हणाला तर तो अंग चोरून जागा देतो, हो म्हणाला तर त्याच्या मागे लाइन लागते. बॅग पाठीवरून पुढे छातीवर येते. सायन गेलं, माटुंगा गेलं, तोपर्यंत कोण कोणाच्या मागे उतरणार हे ठरलेलं असतं, तेही कोणी न ठरवता. आणि रोजच्या माणसाला हे पण पाठ असतं की कुठला डबा बरोब्बर जिन्यासमोर येतो, त्यामुळे तो कल्याणला, डोंबिवलीलाच त्या डब्याच्या जागेवर उभा राहतो. नवख्या माणसाला वाटतं सगळे डबे सारखेच आहेत. पण जिन्यासमोर उतरलात तर पहिल्या लोंढ्यात वर चढता, चार डबे मागे उतरलात तर समोर पाठी दिसत राहतात आणि तेवढ्यात पलीकडची बोरिवली निघून जाते.

(जिना. पायऱ्यांवरचे पाय, क्लोजअप)

हा जिना बघा. एकाच वेळी वर जाणारे आणि खाली येणारे. खालून गाडीचा आवाज आला की वरचे पळायला लागतात, त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागतेय. याच वेळेला खाली उतरलेली गर्दी वर येत असते. म्हातारी माणसं कठडा धरून कडेकडेनं येतात, लहान मूल असलेली बाई तिथेच एका पायरीवर थांबते आणि लोंढा जाऊ देते. कोणी सामान डोक्यावर घेतलंय, त्यातल्या त्यात ते बरं, कारण हातातली बॅग दुसऱ्याच्या गुडघ्याला लागते. आम्ही इथे कॅमेरा लावला तेव्हा पायच शूट करायचे असं ठरवलं होतं, चेहरे नाही, कारण इंजिनीअरला पूल किती रुंद हवा ते पायांवरूनच कळायला हवं.

हे स्टेशन असं दोन तुकड्यांत का आहे ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

(जुने नकाशे, रुळांचे शॉट)

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. दुसरी कंपनी बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, ती गुजरातकडून मुंबईत आली, १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचली आणि १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत तिची पहिली लोकल सुटली, त्या गाडीच्या थांब्यांमध्ये दादरचं नाव आहे. दोन्ही खाजगी कंपन्या, दोघींचे धंदे वेगळे, एकीला दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणायचा होता, दुसरीला गुजरातचा. मुंबई बेट अरुंद, त्यामुळे दोघींचे रूळ जवळ जवळ आले, पण स्टेशन मिळून बांधावं असं कशाला कोण म्हणेल? दादर तेव्हा शहराच्या बाहेर होतं. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहर सुधारायला नेमलेल्या संस्थेने, दादर, माटुंगा, वडाळा, सायन हा सगळा भाग आखून वसवायला घेतला, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या, हवेशीर रस्ते, झाडं, आणि मग इथे राहणाऱ्यांना रोज फोर्टात जायला गाडी लागायला लागली. ट्रामसुद्धा दादरपर्यंत आली. पूर्वेच्या चौकाला आज पण लोक दादर टीटी म्हणतात, म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघाली ती इथे, दादरलाच येऊन थांबली.

५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे, दोन्ही एकाच दिवशी अस्तित्वात आल्या. कंपन्या गेल्या, सरकार एकच आलं, पण रुळांमधली ती जुनी वाटणी तशीच राहिली. आम्हाला सगळ्यात जास्त हेच खटकतं. एका मालकाच्या दोन घरांमध्ये भिंत ठेवावी तसं हे झालं, आणि त्या भिंतीवरून रोज लाखो माणसं चढून उतरून जात राहिली.

(प्लॅटफॉर्मचे नंबर, पिवळे बोर्ड, एकामागोमाग एक)

आता हे नंबर बघा. २०२३ च्या डिसेंबरपर्यंत दादरला एक नंबरचे दोन प्लॅटफॉर्म होते. चारचे दोन, पाचचे दोन. वेस्टर्नचा चार वेगळा, सेंट्रलचा चार वेगळा. गावाहून आलेल्या माणसाला फोनवर सांगायचं "मी चार नंबरवर उभा आहे", तो दुसऱ्याच चार नंबरवर जाऊन शोधत बसायचा, आणि हे कितीतरी वर्षं चाललं. मग ९ डिसेंबर २०२३ पासून सलग नंबर झाले. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले, सेंट्रलचे ८ पासून १४ पर्यंत. जुना सेंट्रलचा एक आता आठ, तीन झाला नऊ, चार झाला दहा, असं करत आठचा चौदा.

काय लागलं याला? बोर्ड बदलले, अनाउन्समेंट बदलली, इंडिकेटर बदलले. पूल तोच, रूळ तेच, नवीन जमीन नाही, कसलं मोठं टेंडर असायची गरज नाही. फक्त दोन रेल्वेंनी पुलावरून चालणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून एकदा विचार केला. आम्हाला विचाराल तर अलीकडच्या काळात दादरला झालेलं सगळ्यात चांगलं काम हे आहे, सरकत्या जिन्यांपेक्षा पण चांगलं.

मधला दोन कुठे गेला? सेंट्रलच्या एक नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायला जागा नव्हती, साधारण ७ मीटरची रुंदी. ती वाढवून साडेदहा मीटर करायची म्हणून दोन नंबर कायमचा बंद केला, आणि तिथून सुटणाऱ्या लोकल सप्टेंबर २०२३ पासून परळहून सुटायला लागल्या. दादरला रिकामी गाडी पकडून बसून जाणाऱ्यांची सोय त्यात गेली.

(पहाट. सेनापती बापट मार्ग, फुलांच्या पाट्या)

हा पश्चिमेचा फूलबाजार. पहाटे झेंडू, शेवंती, मोगरा, गुलाबाच्या जुड्या, आंब्याचे डहाळे, केळीचे खांब, सगळं इथे उतरतं आणि इथूनच मुंबईभर जातं, बरंचसं लोकलने. पाटी घेऊन पुलावर चढणाऱ्या बायका बघा, ओल्या फडक्यातून पाणी गळतंय. दसऱ्याच्या आधीच्या रात्री तर इथे पाय ठेवायला जागा नसते.

(६ डिसेंबर. पांढरे कपडे, निळे झेंडे, पूर्वेकडून येणारी रांग)

आणि हा ६ डिसेंबर. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं येतात, खास गाड्या सोडल्या जातात. दादरला उतरायचं आणि चालत चैत्यभूमीला जायचं. बाबासाहेबांचं राजगृह पूर्वेला हिंदू कॉलनीत आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ती जागा पश्चिमेला समुद्राजवळ, त्यामुळे खूप जण दोन्हीकडे जातात आणि मधे हे स्टेशन ओलांडावं लागतं. या दिवशी स्वयंसेवक आणि पोलीस मिळून येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवतात, दोऱ्या बांधतात, हातात हात धरून कड करतात. लाखो माणसं रांगेत जातात. म्हणजे गर्दीची वाट आखता येते, माणसं ती पाळतात, हे याच स्टेशनवर दर वर्षी दिसतं.

(मध्यरात्र. तुतारी एक्स्प्रेस)

रात्री सावंतवाडीची तुतारी इथूनच सुटते. दादर–रत्नागिरी पॅसेंजर मात्र कोरोनानंतर दिव्याहून सुटायला लागली, आणि ती परत दादरला आणा अशी मागणी कोकणातल्या प्रवाशांनी केली. गणपतीत सामान घेऊन दिव्याला गाडी बदलणं काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही.

(परळ, गिरण्यांच्या चिमण्या आणि मागे काचेच्या इमारती)

दादरच्या खालचं परळ, लोअर परळ म्हणजे गिरणगाव. कामगार बहुतेक चालत कामावर जायचे, चाळ जवळच असायची. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, त्या जमिनींवर ऑफिसं आली आणि ऑफिसमधली माणसं आली कल्याणहून, विरारहून, पनवेलहून. म्हणजे जिथे पायी येणारे होते तिथे लाखभर माणसं ट्रेनने येऊन उतरायला लागली, आणि जिने-पूल मात्र गिरणीच्या काळातले. इमारतीला परवानगी देताना स्टेशनचा पूल कोणी मोजला नाही, कारण इमारत महापालिकेची आणि पूल रेल्वेचा. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचं प्रभादेवी, आणि परळ यांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जण गेले. लष्कराने नवा पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला.

(पाच सेकंद निवेदन नाही. फक्त पूल)

(दादर पश्चिम, मेट्रोचं प्रवेशद्वार)

आता दादरला तिसरी रेल्वे आलीये. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा अंधेरीला जाणारे बरेच जण दादरऐवजी घाटकोपरला बदलायला लागले, या पुलावरचा भार थोडा हलका झाला. आणि मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रो दादरला पोचली, ऑक्टोबरपासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, आरेपासून कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. खाली स्वच्छ, थंडगार, लिफ्ट आहेत, रुंद जिने आहेत. पण लोकलमधून उतरून तिथे जायचं तर पूल चढा, उतरा, पश्चिमेला बाहेर पडा, बाजारातून, फेरीवाल्यांमधून, टॅक्सीच्या मधून वाट काढा. आम्ही कॅमेरा घेऊन हीच वाट चाललो, तुम्ही आता बघताय ती न कापता घेतलेली आहे. पावसात छत्री उघडायला जागा नाही, व्हीलचेअरवरचा माणूस एकटा जाऊच शकत नाही.

पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, मेट्रो आणि रस्त्यासाठी महापालिका, चौघांची हद्द या तेवढ्याशा वाटेवर येते. १ ते १४ नंबर लावताना दोघं एकत्र बसले आणि काम झालं. आता चौघांनी बसायचंय. प्लॅटफॉर्म एकपासून मेट्रोच्या दारापर्यंत छप्पर असलेली सलग वाट, चढायला रॅम्प, प्रत्येक जिन्यावर एकाच रंगाचा बाण, आणि पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मधोमध कठडा, एवढ्या चार गोष्टी आम्ही मागतोय, आणि ही फिल्म त्या चारही ऑफिसांत पाठवतोय.